हिरव्या खड्याचं कोंदण

४ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

पत्र तुमच्या घरी न पाठवता कामाच्या पत्त्यावर टाकतो आहे. घरी फोन केला की तो आमची लेक उचलते, आणि ती उचलत नाही तेव्हा जावईबापू स्पीकर चालू करून सगळ्या घराला ऐकवतात. ही गोष्ट त्या दोघांना कळायला नको आहे.

मी दुकान बंद करतो आहे. जन्मभर लोकांच्या अंगठ्यांत खडे बसवले, आता पुरे झालं. पण आमच्या घरात एक पद्धत आहे. घरात मूल जन्माला आलं की घरातल्या कारागिराने आपल्या हाताने त्याच्यासाठी एक वस्तू करायची. विकत आणलेली चालत नाही. वडिलांनी माझ्यासाठी केली, मी लेकीसाठी केली. आता मार्चअखेरीला तिचं बाळ येईल. त्याची वस्तू हे माझ्या हातचं शेवटचं काम. ते मनासारखं झालं की शटर ओढतो. नाही झालं तर ओढवणार नाही, आणि उघडं ठेवूनही उपयोग नाही, अशी माझी पंचाईत आहे.

खडा मात्र मिळाला आहे. खडीच्या क्रशरचे मालक माझं जुनं गिऱ्हाईक. सुरुंग उडवल्यावर खडकात एक पोकळी निघाली, तिच्यात हा हिरवा खडा होता. तुमच्या धंद्यातलं दिसतं, ठेवा, म्हणून देऊन गेले. बोराएवढा आहे, चौकोनी, उभा. रंग कोवळ्या पानाचा. पाचू नाही, एवढं मला कळतं. चाकूने ओरखडा उठला. पण मऊ आहे तेच मला बरं वाटलं. घासायला सोपा जाईल. दोन बाजूंना पैलू पाडून चांदीत बसवावा आणि बाळाच्या गळ्यासाठी लहानसं पदक करावं, असा बेत आहे.

तुमच्याकडे हौशी लोक दगड घेऊन येतात, तुम्ही त्यांना नाव सांगता आणि किंमत लिहून देता. तर हा कोण आणि कामाचा आहे का, तेवढं कळवा.

आपला,
व्याही


११ जानेवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

तुमचं पाकीट बघून मला आधी धसकाच बसला. मुलांच्या लग्नात तुम्ही माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलला होतात, त्यातलं एक 'पंखा बंद करू का' हे होतं. ते तुम्ही एकदम एवढं लांब पत्र लिहिलंत म्हणजे काहीतरी भलतंच झालं असणार, असं वाटलं. वाचल्यावर जीव भांड्यात पडला.

तुमच्या खड्याविषयी. नुसत्या वर्णनावरून नाव सांगणं म्हणजे फोनवर नाडी बघण्यासारखं आहे. चाकूने ओरखडा उठला म्हणजे पाचू नाही, हे बरोबर. मऊ आणि हिरवे असे दोघं-तिघं माझ्या ओळखीचे आहेत, त्यांतला एक साधा आणि एक फार दुर्मीळ. तुम्ही एवढं करा. खड्याच्या डोक्यावरचा सपाट भाग खिडकीपाशी तिरका धरून बघा. तो मोत्यासारखा चमकतो का, आणि बाजू काचेसारख्या दिसतात का? खड्याचं एक चित्र काढून पाठवा. आणि तोवर त्याला कापू नका, घासू नका, गरम करू नका, कुठल्याही आम्लात बुडवू नका. तुम्हा खडे बसवणाऱ्यांचे हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून हात जोडून सांगते.

आणखी एक. मुलीचे वडील म्हणून आपण काहीतरी भारी दिलंच पाहिजे असं मनात असेल, तर ते काढून टाका. मला मानपानाची हौस नाही. तुम्ही साधं दुपटं आणलंत तरी मी तेवढ्याच आनंदाने मिरवीन.

जाता जाता विचारते, तुम्ही एवढ्या मोठ्या अक्षरात का लिहिता? चार ओळींत पान संपतं. माझ्यावर ओरडताय की काय?

तुमची,
विहीण


१८ जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

ओरडत नाही. पेन जाड आहे.

दुपट्याचं वाचून राग आला, ते आधी सांगून टाकतो. मी तुमच्यासाठी काही करत नाही आहे, माझ्या नातवंडासाठी करतो आहे. मानपान त्यात कुठून आला, ते तुम्हालाच ठाऊक.

आता दुसरी गोष्ट. तुमचं पत्र मंगळवारी आलं आणि मी खडा सोमवारीच लाखेवर चढवला होता. आमच्याकडे खडा घासायचा तर काडीच्या टोकाला लाख लावतात, ती मऊ करून खडा तिच्यात रोवतात, म्हणजे धरायला बरं पडतं. मी फुंकणीने ज्योत मारली. ती जरा जास्त लागली. लाखेऐवजी खड्यालाच लागली म्हणा. बघता बघता तो हिरवा गडी दुधासारखा पांढरा झाला, फुगला, आणि त्याचे पापुद्रे सुटायला लागले. एकावर एक, सगळे एकाच दिशेने. बोटाने उचलले तर वहीची पानं निघावीत तसे सपाट निघाले. हिरे भाजले, माणकं भाजली, खडा असा अंगावरचे कपडे काढून मोकळा झालेला मी पाहिला नव्हता.

वाईट वाटलं. चित्र काढून काय पाठवू? पापुद्रे एका कागदात बांधून ठेवले आहेत.

दुसरा खडा खिडकीपाशी धरून बघितला. डोक्यावर मोत्यासारखीच चमक आहे.

आपला,
व्याही


२४ जानेवारी

व्याहीबुवा,

नमस्कार पुढे कधीतरी. आधी मी खुर्चीतून उठून कपाटाभोवती एक फेरी मारून आले, हे तुम्हाला कळायला हवं.

तुमच्या फुंकणीने काम केलं. त्या खड्याचं नाव अपोफिलाइट. जुन्या काळी दगड ओळखणारे लोक नेमकं हेच करायचे, फुंकणीची ज्योत मारून दगड कसा वागतो ते बघायचे. हा पापुद्रे सोडतो म्हणून त्याला ते नाव मिळालं; त्या परक्या शब्दाचा अर्थच मुळी पानं गाळणारा असा आहे. त्याच्या अंगात पाणी असतं, ते तापलं की तो फुटतो. दुसरा मऊ हिरवा असतो तो कोपऱ्यांवर चारही दिशांना तुटतो, असे एकाच दिशेचे सपाट पापुद्रे देत नाही. मी भिंग घेऊन आठ दिवस बसले असते तरी इतक्या खात्रीने सांगू शकले नसते. पांढरे अपोफिलाइट पुष्कळ मिळतात. असा हिरवा दुर्मीळ, आणि संग्रह करणारे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात.

आता दोन गोष्टी, एक वाईट आणि एक चौकशीची.

वाईट अशी, की हा खडा गळ्यात घालता येणार नाही. पैलू पाडताना फुटेल, आणि चुकून टिकला तर बाळाच्या पहिल्या आपटण्यात पापुद्रे निघतील. पदकाचा नाद सोडा. तुमचं मन मोडताना मला बरं वाटत नाही, पण गोड बोलून फसवण्यापेक्षा हे बरं.

चौकशी अशी. तुमच्या पत्रात 'दुसरा खडा' आला आहे. आधी एक होता, त्याचे दोन कसे झाले? खरं सांगा, हे खडे सुटे मिळाले की एखाद्या खडकावर होते? आणि खडकावर होते तर तो खडक कुठे आहे? तुमच्या धंद्यात खडा सुटा, स्वच्छ, तोलायला सोपा हवा. आमच्यात उलटं आहे. खडा ज्या खडकावर वाढला तिथेच हवा. उपटला की त्याची किंमत दातासारखी होते, म्हणजे तोंडात असताना लाखाची आणि हातात घेतल्यावर कशाचीच नाही. हे मला आमच्या एका दातांच्या डॉक्टरांनी शिकवलं. ते दिवसभर लोकांचे दात उपटतात आणि संध्याकाळी घरी जाऊन न उपटलेले खडे बघत बसतात. माझ्याकडे येणाऱ्यांत त्यांच्याइतका पारखी दुसरा नाही.

बाकीच्या खड्यांना हात लावू नका. मी येते आहे.

तुमची,
विहीण


३० जानेवारी

विहीणबाई, नमस्कार.

खडकावरच होते. एकूण सात. मला वाटलं, खडक म्हणजे केळ्याची साल, म्हणून पहिल्या पत्रात त्याचा उल्लेख केला नाही. दोन खडे छिन्नीने उडवले. एक जळाला, एक शाबूत आहे. पाच अजून खडकावर आहेत. खडक मोसंबीएवढा आहे, खाली फिकट गुलाबी खड्यांच्या जुड्या आहेत आणि त्यांच्यावर हे हिरवे उभे. मी तो मागच्या दारात कुंडीला टेकू म्हणून ठेवला होता. तुमचं पत्र वाचल्यावर आत आणून लोकरीच्या टोपीत बसवला आहे. टोपी माझी आहे आणि सकाळी गार असतं.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस दुकान उघडलं नाही. तुम्ही बरोबर आहात, तुमच्यावर राग नाही. पण मी तो मऊ खडा बघून मनात सगळं जमवलं होतं. कठीण खडा आता माझ्या हातून घासला जात नाही. हा जमला असता. दुसरं काय करणार? चांदीचा वाळा बाजारात मिळतो, तसा मी करून दिला तर तो माझा आहे हे कुणाला कळणार? मलाही कळणार नाही.

या. रविवारी मी घरीच असतो.

आपला,
व्याही


१२ फेब्रुवारी

व्याहीबुवा, नमस्कार.

घरी सुखरूप पोचले. सुनेने विचारलं, कुठे गेला होतात? मी म्हटलं, एका दगडाचं मूल्यमापन होतं. खोटं काहीच नाही.

तुमच्या शेजारीणबाईंचं मात्र काय करायचं ते तुम्ही बघा. खडा डिंकाने चिकटवलेला असला तर जांभळ्या दिव्याखाली डिंक चमकतो, त्यासाठी अंधार लागतो, आणि भर दुपारी तुमच्या घरात अंधार फक्त रजईखाली मिळतो, हे मी त्यांना समजावत होते. त्या चाळणी परत द्यायला आल्या होत्या. एका रजईखालून व्याही आणि विहीण असे दोघं बाहेर आलेले बघून त्यांनी चाळणी तिथेच ठेवली आणि उलट्या पावली गेल्या. दगड दाखवला तरी त्यांचा विश्वास बसला नाही.

आता कामाचं. डिंक कुठेही नाही. पाचही खडे मुळापासून तिथलेच आहेत, टोकं शाबूत आहेत, रंग एकसारखा आहे. दोन उडवलेत त्या जागी खोबणी दिसतात, त्याचे मी किमतीतून कापले. तरीसुद्धा आकडा तुमच्या दुकानाच्या दोन वर्षांच्या भाड्याइतका होतो. सुट्या खड्याची किंमत विचाराल तर चपलांचा एक चांगला जोड येईल. क्रशरवाल्यांना मी विचारलं; ते म्हणाले, दिला तो दिला, फक्त दगड कुठल्या खाणीतला हे कागदावर लिहा.

आणखी एक मी बघितलं, जे दाखवायला तुम्ही मला बोलावलं नव्हतं. तुम्ही चहा कपाच्या शेजारी ओतलात. आणि तो पुसताना फडकं दुसरीकडेच फिरवलंत. पेन जाड नाही. तुमचे डोळे अंधुक झाले आहेत, आणि म्हणूनच अक्षर मोठं, म्हणूनच कठीण खडा जमत नाही, म्हणूनच ज्योत चुकली. मी मात्र ओरडताय का म्हणून विचारत बसले. मला माझाच राग आला. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदू हल्ली लोक सकाळी काढतात आणि दुपारी घरी येऊन पेपर वाचतात.

येताना गाडीत मला एक सुचलं. असा दगड सरळ उभा राहत नाही, त्याला बैठक लागते. बाजारात काचेचे ठोकळे मिळतात, त्यावर मेण लावून दगड टेकवतात. मला ते कधी आवडलेलं नाही. डिंक नाही, मेण नाही, नुसत्या धातूच्या नख्यांनी दगड धरून ठेवेल असा माणूस मी शोधत होते आणि तो माझा व्याही निघाला. खडा घासायला डोळे लागतात, पण धरून ठेवायला तुमची बोटं पुरतील असं वाटतं. या दगडाला कोंदण करा. दगड ठेवायचा की विकायचा, ते मग बघू.

तुमची,
विहीण


५ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

झालं. क्रशरवाले तुमच्या गावाकडे यायचे आहेत, त्यांच्या गाडीतून पाठवतो आहे. खोका सरळ धरा.

कसं केलं ते सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ऐकून घेणार नाही. खडकाचं बूड मऊ मेणात दाबून ठसा घेतला, मेण गार होतं. मग डोळे मिटून त्या ठशावरून बोट फिरवत बसलो. उघड्या डोळ्यांनी नुसता ढग दिसतो, मिटले की बरं समजतं. खडकाला चार ठिकाणी बगलेसारख्या खाचा आहेत, तिथे चार नख्या येतात. खाली तीन पाय, कारण चार पायांचं काही ना काही डुगडुगतं. नख्या खडकाला धरतात, खड्यांना शिवतसुद्धा नाहीत. सगळं चांदीत. दोनदा मोडून परत केलं. तिसऱ्यांदा खडक वरून सोडला तेव्हा तो एकदाच टक झाला आणि बसला. मी उलटा करून हलवला. उशीवर हलवला, घाबरू नका.

अंगठीत खडा मोठा आणि आपण केलेलं काम त्याच्याखाली लपलेलं. ते दिसलं तर गिऱ्हाईक म्हणतं, धातू फार दिसतो. इथे पाय, नख्या, सगळं उघड्यावर आहे. लाजल्यासारखं झालं मला, आणि मजाही वाटली. बाळाला द्यायला लाज वाटणार नाही अशी वस्तू झाली आहे. माझं काम झालं. शटरला तेल घातलं.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले एप्रिलमध्ये. शेजारीणबाई रोज तुमची खुशाली विचारतात.

आपला,
व्याही


१५ मार्च

व्याहीबुवा, नमस्कार.

आनंदाची बातमी. खोका उघडला आणि मी त्याच दुपारी दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते पेशंटला तोंड उघडं ठेवून बसवून आले की काय, इतक्या लवकर आले. पंधरा मिनिटं दगडाभोवती भिंग फिरवत होते. मग मी लिहिलेल्या आकड्यावर त्यांनी स्वतःहून थोडं चढवलं. मी लगेच हो म्हणून टाकलं, कारण असा माणूस रोज मिळत नाही. पैसे बाळाच्या नावावर ठेवू, म्हणजे मोठेपणी शिक्षणाला होतील. आजोबांच्या हातून एवढं मोठं काम झालं, की आता तुम्ही खुशाल शटर ओढा.

त्यांच्या कपाटात सगळे दगड एकसारख्या काचेच्या ठोकळ्यांवर असतात, त्यामुळे कोंदण त्यांना नको आहे. ते काढून आठवड्याभरात परत देतील. तुमच्याकडे पाठवून देते, दुसऱ्या कशाला उपयोगी पडेल.

सुनेची तब्येत छान आहे. आता कधीही बातमी येईल.

तुमची,
विहीण


२० मार्च

विहीणबाई, नमस्कार.

तुम्ही शब्द दिला आहे, तो पाळा. दगड तुमच्या ओळखीमुळे दगड झाला, नाहीतर तो कुंडीला टेकूच होता. त्याच्यावर माझा हक्क नाही.

कोंदण इथे पाठवू नका. चांदीच्या भावाने तिथेच मोडून टाका. मी ते बाळाची वस्तू म्हणून केलं होतं. पत्रात लिहिलंही होतं, पण तुम्ही आनंदात होतात, नजरेतून सुटलं असेल. रिकामं कोंदण बाळाला कसं देणार?

लोक खडाच बघतात, हे मला नवीन नाही. त्याचं वाईट वाटून घेण्याचं वय गेलं असं मी समजत होतो. या वेळी वाटलं. तुमच्यापासून लपवून ठेवायचं नाही म्हणून लिहिलं. उत्तराची घाई नाही.

आपला,
व्याही


२८ मार्च

व्याहीबुवा,

नात झाल्याचं फोनवर आपण बोललो. तुम्ही रडलात आणि स्पीकर चालू होता, हे जावईबापूंनी तुम्हाला सांगितलं नसेल. सांगू नका असं मी सांगितलं होतं, पण मी स्वतः सांगायला मोकळी आहे.

तुमचं पत्र नेमकं त्याच सकाळी आलं होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुमचं पाच तारखेचं पत्र पर्समध्येच होतं. त्यात सरळ लिहिलेलं होतं, बाळाला द्यायची वस्तू झाली. मी वाचलं होतं, आणि तरी मला दगडच दिसला. तीस वर्षं दगडच बघते आहे.

नातीला डोळे भरून बघितलं आणि तिथून तडक डॉक्टरांकडे गेले. ते टेबलाशी बसले होते, समोर तुमचं कोंदण, आणि भोवती त्यांची सगळी हत्यारं मांडलेली. चार दिवस प्रयत्न करत होते. दगड निघत नव्हता. दाताचा आरसा खालून घालून त्यांनी नख्या बघितल्या होत्या, पण जोर कुठे लावायचा ते त्यांना समजेना. अक्कलदाढेनेसुद्धा मला इतकं छळलेलं नाही, म्हणाले. मी म्हटलं, छळून घेऊ नका, मी ते परत न्यायला आले आहे. माझ्या शब्दाची लाज गेली तर जाऊ दे.

त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, "हे ज्याने केलं त्याला विचारा, माझ्यासाठी अशी दोन करील का?" तुमच्याकडून आणलेला सुटा खडा पर्समध्येच होता, तो मी त्यांच्या हातावर ठेवला, मोबदला म्हणून. चपलांच्या जोडाच्या किमतीत त्यांनी मला माफ केलं.

वस्तू आता बाळाच्या खोलीत खिडकीपाशी फळीवर आहे. तुमच्या लेकीला आणि जावयाला सगळं सांगितलं. लेक बराच वेळ नख्यांवरून बोट फिरवत होती. तिच्या बाबांनी तिला दिलेल्या वस्तूची नखी अशीच वळते, म्हणाली.

माझं चुकलं. डोळ्याचं काम झालं की लगेच कळवा.

तुमची,
विहीण


९ जुलै

व्याहीबुवा, नमस्कार.

डोळा साफ झाल्याचं कळलं. तुमच्या मागच्या कार्डावरचं अक्षर इतकं बारीक होतं की मला भिंग काढावं लागलं. सूड घेताय का?

आज सकाळी घडलं ते लगेच लिहिते. नात आता वस्तूंकडे हात टाकायला लागली आहे. मी तिला कडेवर घेऊन फळीपाशी उभी होते. ऊन थेट दगडावर आलं होतं, पाचही खडे आतून उजळले होते. माझी फार दिवसांची इच्छा, की तिने तो हिरवा रंग माझ्याबरोबर बघावा. मी तिचं तोंड तिकडे वळवलं, बोट दाखवलं, लाडीगोडी लावली. तिने हिरव्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. ती खाली वाकली, चांदीच्या पायाकडे टक लावून बघत राहिली, आणि मग मूठ घालून तो पाय धरला. सोडवायला गेले तर ओठ काढला. शेवटी दगड एका हाताने सावरून मी तशीच उभी राहिले, हात भरून आला तरी. तोवर ती पायावरून नखीपर्यंत गेली होती आणि नखीशी बोट घालून बघत होती.

मी पुष्कळ दगडांच्या किमती केल्या. तुमच्या कामाची किंमत आज तिने केली, आणि तिला किंमत म्हणजे काय ते ठाऊकही नाही. मला भरून आलं. तुम्ही इथे असायला हवे होतात.

तुमची,
विहीण


१४ जुलै

विहीणबाई, नमस्कार.

पत्र मिळालं. आधी एका डोळ्याने वाचलं, मग दोन्हींनी. मग शेजारीणबाईंना वाचून दाखवलं. त्यांचाही आता दगडावर विश्वास बसला आहे.

तुमच्या डॉक्टरांना सांगा, दोन करीन. शटर ओढलेलं नाही, भाडं चालू आहे.

एक काळजी वाटते. तिने नखीत बोट घातलं म्हणता. डावीकडच्या नखीचं टोक मी ढगाळ डोळ्याने घासलं होतं, ते तीक्ष्ण राहिलं असेल. आता तिथे हात लावून बघा. लागत असेल तर फळी उंच करू नका, वस्तू तिच्यापासून लांबही नेऊ नका. मी येऊन घासून देतो. कानस घेऊन शनिवारी निघतो आहे. काम पाच मिनिटांचं आहे, पण मी महिनाभर राहीन.

आपला,
व्याही